दार अडकलंय

“ते पाण्याचं बोलायला लागले ना शलाका, की पाण्याकडे बघत बसू नकोस. त्यांच्याकडे बघ.”

सासूबाई हे म्हणाल्या तेव्हा मी त्यांची वेणी घालत होते. शेवटच्या आजारात ती वेणी उंदराच्या शेपटीएवढी उरली होती. शेजारी पाळण्यात माझी कुहू कुरकुरत होती, गॅसवर दूध होतं आणि माझं अर्धं लक्ष दुधाकडे. मी “बरं आई” म्हटलं आणि उठले. तात्या, म्हणजे माझे सासरे, पाण्याचं बोलले नाहीत असा दिवस उजाडलाच कधी होता? उभी हयात पाटबंधारे खात्यात गेलेली. आधी धरणाच्या दारांवर, मग कालव्यावर, आणि निवृत्त झाल्यावर घर बांधलं तेही कालव्याच्याच काठाला. भाजीत मीठ कमी पडलं तर म्हणायचे, “कालव्याच्या टेलला पाणी पोचलं नाही वाटतं.” पाहुणा उठायचं नाव घेईना की हळूच म्हणायचे, “पाण्याचं आवर्तन लांबलं.” अशा माणसाच्या बोलण्यातलं कुठलं पाणी धरायचं आणि कुठलं सोडायचं?

सासूबाई गेल्या. पुढच्या वर्षीच्या मार्गशीर्षात हे सुरू झालं.

घरात तेव्हा आम्ही तिघंच. नवरा, निनाद, राजस्थानात पवनचक्क्यांच्या साइटवर, महिन्याकाठी घरी. मी मायक्रोबायॉलॉजी शिकलेली, कुहू होईपर्यंत तालुक्याच्या कॉलेजात शिकवत होते. मग नोकरी सुटली आणि माझं सगळं शास्त्र त्या एवढ्याशा पोरीवर येऊन बसलं. तिला शिंक आली की मी थर्मामीटर शोधायचे. तिनं शू कधी केली, किती केली, रंग कसा, हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. निनाद हसायचा, “घरात सूक्ष्मदर्शक आणून ठेव ना एक.”

घर गावाबाहेर. मागं खात्याची जुनी कॉलनी, तिच्यातले निम्मे क्वार्टर ओस. समोर कालवा, त्या दिवसांत कोरडा ठाक. दुपारी जेवणं झाली की तिथं असा शुकशुकाट व्हायचा की भिंतीवरच्या पालीचं चुकचुकणंही दचकवायचं.

अशाच एका दुपारी मी कुहूला न्हाऊ घालायला पाणी काढून बसले होते आणि न्हाणीघर मोकळं होईना. आत नळ चालू होता. धो-धो नाही, बारीक धार. बादली भरून वाहत असणार, पण नळ बंद होत नव्हता.

“तात्या, झालं का हो?”

नुसती धार.

“तात्या?”

नळ बंद झाला. बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग कडी निघाली आणि तात्या दारात उभे राहिले. थंडीत कपाळावर घाम. माझ्याकडे न बघता म्हणाले, “दार अडकलंय, पोरी.”

मी दार हलवून पाहिलं. “सरकतंय की व्यवस्थित.”

त्यांनी दाराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मग नुसतंच “हं” म्हणाले आणि खोलीत गेले.

पण दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. नळ, धार, घाम आणि “दार अडकलंय.” शेवटी मी सुतार बोलावला. त्यानं न्हाणीघराचं दार पुढेमागे केलं, बिजागरीत तेल सोडलं, खाली वाकून उंबरा पाहिला.

“वहिनी, हे तर लोण्यासारखं फिरतंय. दुसरं कुठलं असेल.”

मग मी त्याला घरातली सगळी दारं दाखवली. तात्यांच्या खोलीचं, माडीचं, मागचं. तात्या पलंगावर बसून आमच्याकडे बघत होते, चोरी पकडायला आलेल्या पोलिसांकडे बघावं तसे. सुतार जाताना त्यांना म्हणाला, “तात्या, एकबी दार अडकत न्हाई बघा.”

“तुला दिसायचं नाही ते,” तात्या म्हणाले.

सुताराला हसू आलं. मला नाही आलं.

त्यानंतर त्यांचं जेवण कमी झालं. मला म्हणाले, “उष्णता झालीय अंगात. धन्या-जिऱ्याचं पाणी दे.” मी दिलं. तांब्या भरभरून दिलं, सब्जा घालून दिलं, वाळा घालून दिलं. ते आज्ञाधारकपणे प्यायले. आणि मग त्यांना उचकी लागली.

आधी हसण्यावारी नेली. कुहूला तर खेळच झाला, आजोबा उचकले की तीही “हिक्” करायची. पण उचकी थांबेना. पाणी प्यायले, साखर खाल्ली, श्वास कोंडून धरला. संध्याकाळ झाली, सकाळ झाली, उचकी आपली चालूच. आपल्याकडे उचकी लागली की काय करतात ते कुणाला सांगायला नको. दुपारी त्यांच्या पलंगाशी बसून मी एकेक नाव घ्यायला लागले.

“निनाद आठवण काढतोय का बघा.”

हिक्.

“सांगलीच्या आत्याबाई?”

हिक्.

“तुमचे ते जाधवसाहेब?”

हिक्. पोटापासून येत होती, सगळं अंग हलवून.

“आता कोण राहिलं बाई,” मी म्हणाले.

तात्या छताकडे बघत होते. “तिचं घे,” ते म्हणाले.

“कुणाचं?”

“तुझ्या सासूचं.”

एवढ्या-तेवढ्यानं घाबरायचं काय, असं मनाशी म्हणत मी नाव घेतलं. “इंदुमतीबाई.”

आणि उचकी थांबली.

कुहू जमिनीवर बसून वाट्या रचत होती, तीही थांबली. तात्या हलकेच हसले. “बोलावतेय,” म्हणाले.

उचकी घटकाभरानं परत आली. पण त्या घटकाभरात मला जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

त्या दिवसापासून मी कुहूला त्यांच्या खोलीत एकटी सोडेनाशी झाले. पण दोन वर्षांचं मूल ते. मी पोळ्या लाटत असले की दुडुदुडु पळायचं आजोबांकडे. एकदा मी हात पुसत मागोमाग गेले तर कुहू कोऱ्या भिंतीसमोर उभी. दोन्ही तळवे भिंतीवर टेकवलेले. आणि म्हणत होती, “दाल उघल. दाल उघल.”

“कुहू! इथं कुठं दार आहे?”

तिनं वळून आजोबांकडे पाहिलं. ते पलंगावर बसून मान हलवत होते, शाबासकी दिल्यासारखी.

“तात्या, काय शिकवताय हो तिला?”

“बोगदा आहे तिथं,” ते म्हणाले. जीभ जड झाली होती, शब्द अडखळत अडखळत येत होते. “दोन्ही भिंती पुढं आल्यात. पहिलं असं नव्हतं. रुंद होता चांगला. आता मधे नुसती फट राहिलीय, पोरी. फट. पाणी थेंबथेंब जातंय आणि मागं सगळं तुंबलंय.”

“बरं बरं. पडा तुम्ही जरा.”

“आत माणूस अडकलाय.”

मी कुहूला उचलून छातीशी धरलं. “कोण माणूस?”

तात्यांची नजर खाली गेली. म्हातारपणी माणूस लाजलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. “ओळखीचा आहे,” ते म्हणाले. “नाव सांगायची लाज वाटते.”

मी निनादला फोन लावला. धरणाच्या बोगद्यात कधी कुणी माणूस गेला होता का, विचारलं.

“माझ्या ऐकण्यात तरी नाही. का?”

मी सांगितलं. तिकडे वारा नुसता घोंघावत होता. मग तो म्हणाला, “आई गेल्यापासून खचलेत गं. वयही झालंय. एखाद्या मानसोपचारवाल्याला दाखवू, मी आलो की.”

“तू आलास की! आणि तोवर? निनाद, ते कुहूला भिंतीशी उभं करून काहीतरी बोलायला लावतात. उद्या कालव्यात नेलं तिला तर?”

“कोरडा आहे ना कालवा?”

“प्रश्न तो नाहीये!”

“मग तू तुझ्या आईकडे जा तिला घेऊन. शेजारच्या माळीवहिनी त्यांचं जेवणाचं बघतील.”

त्या एका वाक्यानं मला सुटल्यासारखं झालं. मी दुसऱ्याच दिवशी बॅग भरायला घेतली. कुहूचे कपडे, औषधं, तापाचं सिरप, तिची दुधाची वाटी. दुपारची वेळ होती. कुहू माझ्यामागेच बाहुलीशी खेळत होती. मी कपाटातून स्वेटर काढायला वळले, तो सापडेना, वरच्या फळीवर होता. काढून वळले तर बाहुली जमिनीवर आणि कुहू नाही.

“कुहू?”

तात्यांची खोली रिकामी. पलंगावरची शाल नाही. न्हाणीघराचं दार सताड उघडं, आत नळ सोडलेला, बारीक धार चालू.

“कुहू!”

मागचं दार आतून बंद. पुढचं बंद. बाहेर जायचं एकही दार उघडलेलं नव्हतं आणि घरात दोन माणसं नव्हती. मी दोनदा सगळ्या खोल्या फिरले, पलंगाखाली वाकले, कपाटसुद्धा उघडून पाहिलं. मग मला जिन्याच्या मधल्या पायरीवर कुहूचा लाल मोजा दिसला.

जिना चढताना मी काय काय नवस बोलले ते देवालाच ठाऊक.

गच्चीवर लख्ख ऊन होतं. पाण्याच्या टाकीच्या चौथऱ्यावर, गच्चीतल्या सगळ्यांत उंच जागी, तात्या बसले होते. पाय खाली सोडलेले. मांडीवर कुहू, शालीत घट्ट गुंडाळलेली, त्यांचा अंगठा मुठीत धरून. पाठीमागं कठडा, कठड्यापलीकडे काही नाही. तात्यांची उचकी चालू होती, प्रत्येक उचकीला दोघंही हलत होते.

धावत जावं तर ते दचकतील. मी जागीच उभी राहिले.

“तात्या, द्या ना तिला माझ्याकडे. दूध प्यायचंय तिला.”

“खाली नको.” आवाज त्यांचा नव्हताच. कोरडा, लांबून आल्यासारखा. “खाली पाणी आलंय. तूही वर ये. बाळाला खाली ठेवू नकोस.”

“कुठं आलंय पाणी?”

त्यांनी हात लांबवून समोर केला. मी तिकडे पाहिलं. कालवा हाडासारखा कोरडा होता. त्याच्या तळाशी कुणाच्या तरी शेळ्या उन्हाला बसल्या होत्या. वरती लांब धरणाची भिंत, सगळी दारं बंद, निवांत. मी धरणापासून कालव्यापर्यंत आणि कालव्यापासून आमच्या अंगणापर्यंत नजर फिरवली. थेंब नव्हता कुठं.

आणि माझ्या हातात ती उंदराच्या शेपटीएवढी वेणी आल्यासारखं वाटलं. पाण्याकडे बघत बसू नकोस.

मी तात्यांकडे पाहिलं.

किती दिवसांत मी त्यांच्याकडे नीट पाहिलं नव्हतं. त्यांच्याकडून होणाऱ्या आवाजांकडे बघत होते मी. पाय सुजून पांढरे झालेले, चपलेचा पट्टा मांसात रुतलेला. चेहरा राखेसारखा. ओठांना भेगा. मी दोन पावलं पुढं गेले तशी त्यांच्या श्वासाची भपकन घाण आली. प्रयोगशाळेत अमोनियाच्या बाटलीचं बूच उघडल्यावर येते ती. तो वास मी कॉलेजात अनेक वर्षं घेतलेला होता. तो माणसाच्या तोंडाला कसा?

“तात्या,” मी म्हणाले, “पाणी कुठपर्यंत आलंय? मला हात लावून दाखवा.”

त्यांनी कुहूच्या मुठीतून अंगठा सोडवला. हात उचलला. मला वाटलं पुन्हा कालव्याकडे दाखवणार. पण हात वळला आणि त्यांच्याच बंडीवर, बेंबीच्या वर चार बोटं, येऊन टेकला.

“हितपर्यंत,” ते म्हणाले आणि लहान मुलासारखे रडायला लागले.

मी आधी कुहूला उचललं. मग, सुनेनं सासऱ्याच्या अंगाला हात लावायचा नसतो वगैरे सगळं त्या उन्हात जळून गेलं आणि मी त्यांच्या पोटावर हात ठेवला. अंग हडकलेलं आणि ओटीपोट वर आलेलं, घट्ट, गोल, तबल्यासारखं ताणलेलं. हा आकार माझ्या ओळखीचा होता. कुहूच्या वेळी पाचव्या-सहाव्या महिन्यात आरशासमोर उभी राहून मी रोज त्यावरून हात फिरवत असे.

“तात्या, लघवी कधी झाली होती नीट?”

हा शब्द आमच्या दोघांत त्या क्षणापर्यंत कधी उच्चारला गेला नव्हता.

“दिवाळीपास्नं नाही,” ते म्हणाले. “थेंबथेंब. नळ सोडला की जरा व्हायची. आता तीबी नाही.” आणि मग, डोळे मिटून, “दार अडकलंय म्हणून सांगत होतो ना तुला.”

माळीवहिनींच्या मुलानं गाडी काढली. शहरातल्या इस्पितळात डॉ. पेंढारकर नावाच्या बाई होत्या, मूत्रविकाराच्या. त्यांनी पोटाला हात लावला मात्र, कागद-बिगद बाजूला सारून नर्सला नळी आणायला सांगितली. मला बाहेर जा म्हणाल्या नाहीत, मीही गेले नाही, फक्त नळी घालेपर्यंत तोंड फिरवून उभी राहिले. पिशवी भरली. नर्सनं बदलली. तीही भरली. पोट माझ्या देखत खाली बसत गेलं. तात्या डोळे मिटूनच पुटपुटले, “विसर्ग सुरू झाला.”

“काय म्हणतायत?” डॉक्टरांनी विचारलं.

“धरणातून पाणी सोडलं की म्हणतात तसं,” मी म्हणाले आणि मला हसू आणि रडू एकदमच फुटलं.

रक्ताचे रिपोर्ट आल्यावर बाईंनी मला समोर बसवलं. प्रोस्टेटची गाठ. लिंबाएवढी वाढली तरी त्रास देते, यांची मोसंब्याच्या पुढं गेलेली. मूत्रमार्ग तिच्या मधून जातो, तो दोन्हीकडून दाबत आणलेला. लघवी मागं तुंबून तुंबून मूत्रपिंडांपर्यंत चढलेली. रक्तातलं विष मेंदूत गेलेलं, म्हणून भास.

“उचकी कधीपासून होती?”

“महिनाभर असेल. आम्हाला वाटलं, कुणीतरी आठवण काढतंय.”

“काढत होतंच की,” बाई म्हणाल्या. “त्यांच्या किडन्या काढत होत्या. आणि पाणी? भरपूर पीत होते?”

“मीच पाजत होते. धन्या-जिऱ्याचं. उष्णता झाली म्हणाले.”

त्यांनी टेबलावरचं पेन उगाच सरळ करून ठेवलं. मग म्हणाल्या, “आणखी आठवडाभरानं आणलं असतंत तर मी तुम्हाला वेगळं काहीतरी सांगत असते.”

नळीवर काही आठवडे गेले. मूत्रपिंडं हळूहळू सावरली. उचकी आली तशी गेली, कुणाचं नाव न घेता. तात्यांचं डोकं ताळ्यावर आलं आणि त्याबरोबर लाजही परत आली. ते माझ्या नजरेला नजर देईनात. पिशवीवर टॉवेल टाकून बसायचे. एक दिवस मी तो टॉवेल उचलून धुवायला टाकला. म्हटलं, “मी कुहूचं रोज बघते. तुमचं बघितलं तर काय बिघडलं?” ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले, “तुझी सासू असती तर तिलाही सांगितलं नसतं मी.”

“त्यांना कळलं असतं,” मी म्हणाले.

ऑपरेशनचं सांगायला बाईंनी आम्हा दोघांना बोलावलं, आणि तिथं मात्र तात्यांमधला खात्याचा माणूस जागा झाला.

“पोट फाडणार?”

“नाही. लघवीच्या वाटेनंच दुर्बीण घालायची. पूर्वी विजेच्या तारेनं गाठ आतून खरवडत काढायचे, अजूनही काढतात. पण तुम्ही हृदयासाठी रक्त पातळ करायची गोळी घेता, रक्त जास्त जाईल. म्हणून लेझर. तो कापतो आणि जागच्या जागी रक्तवाहिन्या बंदही करतो. त्यातही दोन पद्धती. एकात गाठीची वाफ करून टाकतात. लहान गाठ असेल तर छान. तुमची मोठी आहे. तुम्हाला दुसरी. संत्र्याची साल जागेवर ठेवून आतला गर बोटानं सोडवतो ना, तसा लेझरनं आतला भाग सोडवायचा, मूत्राशयात ढकलायचा आणि तिथंच चुरा करून ओढून घ्यायचा.”

तात्यांनी विचार केला. “म्हणजे भिंत शाबूत ठेवून आतला गाळ काढायचा.”

“अगदी.”

“आणि काम चालू असताना पाणी?”

“सलाइनचं पाणी सारखं चालूच असतं आत. नाहीतर दिसणार कसं?”

“मग जमतंय,” तात्या म्हणाले, जणू आराखड्याला मंजुरीच देत होते.

निनाद आला होता, पण त्या दिवशी सकाळी तो रक्तपेढीकडे गेला आणि ऑपरेशन थिएटरच्या बाहेर मी एकटीच बसले. त्या इस्पितळात एक रीत होती, दुर्बिणीतून डॉक्टरांना जे दिसतं ते बाहेर नातेवाइकांनाही एका पडद्यावर दाखवायचे. नको असेल तर बघू नका, म्हणाले होते. मी न बघण्यासाठीच मान वळवली होती. मग वळून पाहिलं.

बोगदा होता.

ओला, गुलाबी, उजेडानं झळाळणारा बोगदा. पाणी वाहत होतं, त्यात पांढरे कण बर्फासारखे तरंगत होते. आणि पुढं जाता जाता दोन्ही बाजूंच्या भिंती फुगून पुढं आल्या होत्या, इतक्या की मधे एकमेकींना टेकल्या होत्या. राहिली होती फक्त एक उभी फट.

हे मी ऐकलेलं होतं. शब्दन् शब्द. कोऱ्या भिंतीकडे बघत पलंगावर बसलेल्या माणसाच्या तोंडून. बाई म्हणतात विषामुळं भास झाले, मी शास्त्र शिकलेली, मलाही ते पटतं. पण स्वतःच्या देहाच्या आतलं त्यांना कसं दिसलं, ते अजून मला कुणी सांगितलेलं नाही.

पडद्यावर एक बारीक तार पुढं आली, टोकाला हिरवा ठिपका. लखकन उजेड झाला, पुन्हा झाला, बुडबुडे उठले. डावीकडची भिंत मुळापासून सुटायला लागली. आधी एक कड, मग आख्खी बाजू, आणि मग ती सुटून, लोंबकळून, पाण्याबरोबर आतल्या अंधारात वाहत गेली. मग उजवीकडची. आणि एका क्षणी समोर काही नव्हतंच. रुंद, मोकळी वाट, आणि पलीकडे मूत्राशयाची विहीर. दार उघडलं होतं.

बऱ्याच वेळानं बाई बाहेर आल्या, टोपी काढत. “झालं. रक्त अगदी थोडं गेलं. दोन दिवसांत नळी काढू.” मग जरा थांबून म्हणाल्या, “कमरेखालीच भूल होती ना, जागे होते. सगळा वेळ गप्प. शेवटी गाठ ओढून घेतली तेव्हा मला म्हणाले, ‘बाई, आतला माणूस निघाला का?’ हा कोण माणूस?”

“तुम्ही काय सांगितलंत?”

“मी म्हटलं, निघाला. दुसरं काय सांगणार?”

“बरोबर सांगितलंत,” मी म्हणाले.

कुहू आता पाचवीत आहे. तिला भिंतीचं काही आठवत नाही. तात्या अजून कालव्याकाठच्याच घरात असतात आणि मीठ कमी पडलं तर अजूनही टेलला पाणी पोचत नाही. सकाळी न्हाणीघरातून बाहेर येताना माझ्याशी नजरानजर झाली तर मान किंचित हलवतात. तेवढंच. मला तेवढं पुरतं.

हे सगळं मी सांगत बसले नसते. पण परवा एका मैत्रिणीकडे गेले होते. तिच्या बाळानं शू केली म्हणून सगळं घर कौतुक करत होतं, आणि आत कुठंतरी, बंद दारामागं, एक नळ बारीक धारेनं चालू होता. मी विचारलं, आत कोण आहे? ती म्हणाली, सासरे. त्यांना वेळच लागतो.

तुमच्याही घरात असा एखादा नळ असेल. वडलांचा, सासऱ्यांचा, शेजारच्या काकांचा. वाचून झालं असेल तर हे खाली ठेवा आणि त्या दाराशी जाऊन उभ्या राहा. ते बाहेर येतील. दार अडकतंय म्हणतील, उष्णता झाली म्हणतील, काहीच म्हणणार नाहीत. दाराकडे बघू नका. त्यांच्याकडे बघा. आणि बाळाला विचारता ना, तितक्याच सहज त्यांना विचारा.

जा. मी थांबते.